हुर्यो उडवणाऱ्याच्या शेजारी बसा: जुने इटालियन सिनेमे पाहण्याची एक रीत

१९६० च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अंतोनिओनीचा 'लाव्हेंतुरा' पहिल्यांदा दाखवला गेला. गंभीर प्रसंगांना प्रेक्षक हसले, लांबलेल्या शॉट्सवर 'कापा, कापा' म्हणून ओरडले, शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी समीक्षक आणि चित्रपटकारांनी सह्या करून एक पत्रक काढलं आणि झाल्या प्रकाराबद्दल नाराजी कळवली. सह्या करणाऱ्यांत दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीही होता. महोत्सव संपताना त्याच सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि दोन वर्षांनी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा 'सिटिझन केन' या अमेरिकी सिनेमाच्या खालोखाल 'लाव्हेंतुरा' दुसरा आला.

ही हकिगत बहुतेक जण अशा सुरात सांगतात की ओरडणारे अडाणी होते आणि सह्या करणारे जाणकार. मला हे मुळीच पटत नाही. एक मुलगी बेटावर नाहीशी होते, तिचा शोध सुरू होतो आणि हळूहळू शोधणारेच तिला विसरतात. दिग्दर्शकही तिच्याकडे परत वळत नाही. ओरडणाऱ्यांची तक्रार हीच होती, आणि सिनेमा खरोखरच हे करतो. म्हणजे त्यांनी पाहिलं बरोबर होतं. पाहिलेलं त्यांना सोसलं नाही, एवढंच. जुन्या इटालियन सिनेमात शिरायचं असेल तर मी नेहमी याच दारातून जायला सांगते: ज्याला सिनेमा आवडला नाही, त्याने नेमकं काय पाहिलं ते आधी विचारा.

साताऱ्यात आम्ही काही जण एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सिनेमे दाखवतो. येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोन नर्स आहेत, कॉलेजची पोरं आहेत, खाणावळ चालवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याबरोबर पाहतापाहता जी रीत बसत गेली, तीच इथे लिहिते आहे. घरी एकट्याने पाहणाऱ्यालाही ती लागू पडेल, पण जमलं तर दोघंतिघं तरी जमवा, आणि त्यात एक तरी तोंडावर 'बोअर झालं' म्हणणारा असू द्या.

पहिल्याच दिवशी 'लाव्हेंतुरा' लावू नका. सुरुवात व्हित्तोरिओ डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ज'ने करा. १९४८ चा सिनेमा, दीड तासाचा, गोष्ट सरळ. युद्धानंतरचं रोम, पोस्टरं चिकटवायची नोकरी लागलेला आन्तोनिओ, नोकरीसाठी सायकल हवी, आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते. आन्तोनिओचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. पैसे द्यायला तयार झालेल्या एका अमेरिकी निर्मात्याला त्या जागी हॉलिवूडचा नट केरी ग्रँट हवा होता. डी सिकाने नाही म्हटलं. सिनेमा पाहताना माज्जोरानीचे खांदे बघा, म्हणजे हा नकार का महत्त्वाचा ते आपोआप कळेल.

या सिनेमातली एक जागा मी आवर्जून दाखवते. सायकल सोडवण्यासाठी बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. खिडकीपलीकडचा माणूस ते गाठोडं उचलतो आणि मागे ठेवायला जातो. कॅमेरा त्याच्यामागे वर चढत जातो. फळ्यांवर फळ्या, पार छतापर्यंत, आणि प्रत्येक फळीवर तशीच गाठोडी. संवाद एकही नाही. एका घराची अडचण बघताबघता सगळ्या शहराची होते. शॉट काही सेकंदांचा आहे, तेव्हा त्या क्षणी मोबाइलकडे पाहू नका.

आपल्याकडे हा सिनेमा परका नाही. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हे इटालियन सिनेमे आले होते. पुढच्याच वर्षी बिमल रॉयचा 'दो बिघा जमीन' आला. सत्यजित राय यांनी 'बायसिकल थीव्ज' त्याआधीच लंडनमध्ये पाहिला होता आणि 'पथेर पांचाली' करायचा निश्चय तिथूनच पक्का केला. 'दो बिघा जमीन'मध्ये बलराज साहनींना रिक्षा ओढताना पाहिलेल्या माणसाला आन्तोनिओची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

दुसरा लावा 'उंबेर्तो डी', डी सिकाचाच, १९५२ चा. पेन्शनीत भागत नाही असा एक म्हातारा, त्याचा कुत्रा फ्लाइक आणि घरमालकिणीची मोलकरीण मारिया. म्हाताऱ्याचं काम करणारे कार्लो बात्तिस्ती हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. भांडण इथून सुरू होतं, कारण या सिनेमावर सरकारच चिडलं. त्या वेळी सिनेमाचा कारभार पाहणारे जुलिओ आंद्रेओत्ती, जे पुढे इटलीचे पंतप्रधान झाले, त्यांनी डी सिकाला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. जगाला इटली अशीच आहे असं वाटलं तर तुम्ही देशाची वाईट सेवा केलीत, असा त्याचा रोख होता. हा सूर आपल्या कानांना ओळखीचा आहे. राय परदेशात भारताची गरिबी दाखवतात, असा आक्षेप नर्गिस यांनी राज्यसभेत घेतला होता. म्हणून 'उंबेर्तो डी' संपला की मी आंद्रेओत्तींच्या बाजूने बोलायला कोणाला तरी उभं करते. हौसेने नाही. त्या आक्षेपामागे एक खरा प्रश्न आहे: दुःख दाखवल्याने ते कमी होतं का? दिग्दर्शकाची बाजू घेणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं, नुसतं 'कलाकृती आहे' म्हणून सुटता येत नाही.

याच सिनेमात मारियाचा सकाळचा प्रसंग आहे. पुढचे सगळे सिनेमे पाहायची शिकवणी त्यात आहे, म्हणून तो दोनदा पाहा. ती उठते, स्वयंपाकघरात येते. काडी भिंतीवर ओढून गॅस पेटवते. भिंतीवर आधीच्या काड्यांचे ओरखडे आहेत. खिडकीतून बाहेर बघते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी उडवते. स्वतःच्या पोटाकडे बघते, कारण तिला दिवस गेलेत. मग कॉफी दळायला बसते, आणि दळतादळता पाय लांब करून पायाच्या टोकाने दार लोटते. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. कॉलेजच्या एका मुलाने विचारलं, 'हे कशाला दाखवलं?' त्यावर खाणावळवाल्या मावशी म्हणाल्या, 'दार लावायला उठावं लागू नये म्हणून पाय लांब केला तिने. उठली असती तर रडली असती.' मावशींच्या म्हणण्यात खोट काढता येईल, कारण डोळ्यांत पाणी तर तिच्या त्याआधीच आलेलं असतं. पण बघायचं ते असं. पात्राच्या हाताकडे, पायाकडे, त्याला ज्या कामाची सवय आहे त्या कामाकडे.

इथे तांत्रिक गोष्टी उरकून घेते. हे सिनेमे आजच्या टीव्हीच्या आकाराचे नाहीत. डी सिकाची चौकट जवळपास चौकोनी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. टीव्हीचं 'पूर्ण पडदा भरा' सेटिंग बंद करा, नाहीतर माणसं बुटकी आणि जाड दिसतात. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा. प्रत मिळवताना लांबी तपासा. 'लाव्हेंतुरा' सुमारे १४३ मिनिटांचा आहे. तुमच्याकडची प्रत दोन तासांच्या आत संपत असेल तर ती लावू नका. अलीकडे बरेच जुने इटालियन सिनेमे दुरुस्त होऊन नव्याने आलेत, बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाचं त्यात मोठं काम आहे. अशी प्रत मिळाली तर ढगांतल्या छटासुद्धा दिसतात, आणि अंतोनिओनीच्या बाबतीत ढग फार महत्त्वाचे आहेत.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, ही तक्रार हमखास येते. ती खरी आहे. इटलीत त्या काळी आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरायचे. दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला स्त्रादा'त अँथनी क्विन, दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या 'इल गात्तोपार्दो'त बर्ट लँकेस्टर, हे अमेरिकी नट इटालियन आवाजात बोलतात ते त्यामुळेच. ही फिल्मची बिघडलेली प्रत नाही, हे आधीच सांगून टाका, म्हणजे लोक पहिली दहा मिनिटं ओठांकडे बघण्यात घालवत नाहीत.

'ला स्त्रादा' तिसरा ठेवा. १९५४ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो आणि लुकिनो व्हिस्कोंतीचा 'सेन्सो' समोरासमोर आले. डाव्या विचारांचे समीक्षक व्हिस्कोंतीच्या बाजूचे, कारण त्यात इतिहास होता, वर्ग होते, राजकारण होतं. फेलिनीने वास्तववादाशी गद्दारी केली असं त्यांचं म्हणणं. कॅथलिक मंडळींना मात्र 'ला स्त्रादा'ची नायिका जेल्सोमिना हिच्या गोष्टीत कृपा आणि पश्चात्ताप दिसला. 'ला स्त्रादा'ला रौप्य सिंह हे पारितोषिक मिळालं, 'सेन्सो'ला काहीच नाही. फेलिनी पारितोषिक घ्यायला गेला तेव्हा व्हिस्कोंतीचा सहायक फ्रांको झेफिरेल्लीने शिट्टी फुंकली आणि दोन्हीकडची माणसं हातघाईवर आली.

पण खरी मजा सहा वर्षांनी आहे. १९६० च्या फेब्रुवारीत मिलानमध्ये फेलिनीच्याच 'ला दोल्चे व्हिता'चा खेळ झाला तेव्हा प्रेक्षकांतला एक जण फेलिनीच्या अंगावर थुंकला. व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने सिनेमाविरुद्ध मोहीमच उघडली. काल ज्यांचा लाडका, आज त्यांचाच शत्रू. त्यातही मिलानमधल्या सान फेदेले केंद्रातल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्रींनी सिनेमाची बाजू घेतली, म्हणजे चर्चच्या घरातच दोन तट पडले. आणि 'लाव्हेंतुरा'वर शिट्ट्या पडल्या त्याच वर्षी, त्याच कानमध्ये सुवर्ण पाम हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं ते 'ला दोल्चे व्हिता'ला. त्यामुळे 'अमुक प्रकारचे लोक अमुक सिनेमा नाकारतात' असा हिशेब मांडू नका. तो या सिनेमांपुढे टिकत नाही.

'ला दोल्चे व्हिता' जवळपास तीन तासांचा आहे. मध्ये चहा द्या, खुशाल द्या. इटलीतल्या थिएटरांतही सिनेमा दोन भागांत, मध्ये सुट्टी देऊन दाखवायची पद्धत होती. कारंज्यातला प्रसंग सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, त्याची वाट बघत बसू नका. त्याऐवजी कान उघडे ठेवा. सुरुवातीला हेलिकॉप्टर ख्रिस्ताचा पुतळा लटकवून रोमवरून नेतं, आणि नायक मार्चेल्लो वरून गच्चीतल्या बायकांना काही विचारतो. पंख्याच्या आवाजात कोणाला काही ऐकू जात नाही. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर एक मुलगी त्याला हाका मारते, तेव्हा लाटांचा आवाज मध्ये येतो. एवढं दाखवून दिलं की थुंकणाऱ्याशी चर्चा करायला मुद्दा मिळतो: हा सिनेमा चैनीचं कौतुक करतो की चैनीत बुडालेल्या माणसाला ऐकू येईनासं होतं, ते दाखवतो? आमच्या खोलीत अजून यावर एकमत नाही. मला तर दोन्ही दिसतं. फेलिनीला त्या दुनियेची भुरळ पडलेलीच होती, आणि ती भुरळ प्रामाणिक आहे म्हणूनच शेवट इतका बोचतो.

आता 'लाव्हेंतुरा'. याला चहाची सुट्टी देऊ नका आणि आधी गोष्टही सांगू नका. फक्त एक गोष्ट सांगा: आन्ना नावाची मुलगी नाहीशी होणार आहे. ती सापडते का, या टांगणीवर दोन तास काढण्यापेक्षा तिच्या जाण्याने काय उघडं पडतं ते बघायला डोळे मोकळे राहतात. घटना घडते सिसिलीच्या उत्तरेकडच्या लिस्का बियांका या खडकाळ बेटावर. प्रत्यक्ष चित्रीकरणातही निर्मात्याकडचे पैसे संपले आणि सगळा गट बेटांवर अडकून पडला होता. वारा, दगड आणि माणसांच्या चेहऱ्यावरचा थकवा सेटवर आणता येणार नाही इतका खरा आहे.

बघताना कपड्यांवर लक्ष ठेवा. नाहीशी होण्याआधी आन्ना स्वतःचा एक टॉप मैत्रिणीला, क्लाउदियाला देते. दुसऱ्या दिवशी शोध चालू असताना क्लाउदियाच्या अंगावर तोच टॉप असतो, आणि आन्नाचे वडील ते बघतात. पुढे एका बंगल्यात क्लाउदिया गंमत म्हणून काळ्या केसांचा टोप घालते. आन्नाचे केस काळे होते. एक बाई दुसरीच्या जागेत सरकत चालली आहे, आणि तोंडाने कोणी काही बोलत नाही. तिथेच थांबवून सांगायचा मोह होतो. थांबवू नका. नंतर विचारा.

दुसरी जागा आहे ती ओस वसाहतीची. आन्नाचा प्रियकर सांद्रो आणि क्लाउदिया शोधत शोधत एका नव्याने बांधलेल्या पण माणूस नसलेल्या गावात येतात. हाका मारतात, कोणी नाही. दोघं गाडीत बसून निघून जातात. इथे शॉट संपायला हवा, पण संपत नाही. एका बोळाच्या तोंडाशी असलेला कॅमेरा सावकाश पुढे सरकतो, कोणी तरी त्यांना पाहत उभं असावं तसा. मग कट. कानमध्ये लोक ओरडत होते ते असल्या जागांवर. आमच्याकडच्या एका नर्सबाई चर्चेत म्हणाल्या की त्यांना त्या क्षणी आन्ना तिथेच आहे असं वाटलं. बँकेतले काका म्हणाले, संकलक झोपला होता. मी दोघांनाही तोच शॉट पुन्हा दाखवला. काकांचं मत बदललं नाही, पण त्यांनी बारकाईने एक गोष्ट टिपली: गाडी गेल्यावर कॅमेरा गाडीच्या मागे जात नाही, गावातच राहतो. सिनेमाला माणसांपेक्षा जागेत जास्त रस आहे, अशी त्यांची तक्रार होती. अंतोनिओनीवर लिहिलेली जाडजूड पुस्तकं घोळून घोळून हेच सांगतात.

तिसरी जागा नोतो गावातली. सांद्रो शिकलेला वास्तुविशारद, पण पैशासाठी तो दुसऱ्यांच्या इमारतींचे खर्चाचे अंदाज काढून देतो. चर्चच्या गच्चीवर तो क्लाउदियाला हे सांगतो. नंतर चौकात त्याला एक तरुण मुलगा एका जुन्या इमारतीचं सुंदर रेखाटन करताना दिसतो. मुलगा जरा बाजूला गेलेला. सांद्रो हातातली किल्ल्यांची साखळी लंबकासारखी झुलवत दौतीच्या जवळ जवळ नेतो आणि शाई चित्रावर सांडते. अपघात झाल्यासारखं दाखवतो. हा माणूस पुढे काय करेल, हे इथे लिहून ठेवलेलं आहे. शेवट ज्यांना अन्यायाचा वाटतो त्यांना मी या शाईकडे परत आणते.

अंतोनिओनीने त्या वेळी कानमध्ये मांडलेली भूमिका साधारण अशी होती: विज्ञानात माणूस जुनं टाकून पुढे जातो, पण भावना आणि नीती यांच्या बाबतीत कालबाह्य झालेलं ओझंच वाहत राहतो. हे सिनेमा संपल्यावर वाचून दाखवा, आधी नाही. आधी वाचलं की लोक त्या वाक्याची उदाहरणं शोधत बसतात आणि वाऱ्याचा आवाज ऐकायचा राहून जातो.

चर्चेचे नियम थोडेच आहेत, पण मी ते कडक पाळते. न आवडलेला पहिला बोलतो. त्याने 'बोअर' म्हटलं तर कुठे, कुठल्या शॉटला, ते सांगायचं. आवडलेल्याने त्याच शॉटबद्दल उत्तर द्यायचं, दुसरीकडे पळायचं नाही. 'तुम्हाला कळला नाही' हे वाक्य बंद. 'खूप खोल आहे' हेही बंद. दिग्दर्शकाला मिळालेली पारितोषिकं शेवटच्या दहा मिनिटांत सांगायची, कारण ती आधी सांगितली की न आवडलेली माणसं गप्प बसतात, आणि मग खोलीत उरतो तो शिष्टाचार.

एवढं झालं की दिग्दर्शक पासोलिनीचा 'मॅथ्यूच्या मते शुभवर्तमान' लावा, १९६४ चा. आदल्याच वर्षी एका लघुपटातून धर्माचा अपमान केला म्हणून न्यायालयाने शिक्षा सुनावलेला, देव न मानणारा मार्क्सवादी येशूवर सिनेमा करतो, आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण करतो. संवाद बायबलमधले जसेच्या तसे. येशू झालाय एक स्पॅनिश विद्यार्थी, आणि येशूची म्हातारी आई मरिया झाली आहे खुद्द पासोलिनीची आई. कॅथलिक संस्थेने त्याला पारितोषिक दिलं, आणि अनेक डावे मित्र दुखावले. तुमच्या गटात श्रद्धाळू आणि नास्तिक दोन्ही असतील तर ही संध्याकाळ चुकवू नका. येशूचं बोलणं इथे तापलेलं आणि घाईचं आहे, आणि पडद्यावर एकामागोमाग एक चेहरे येत राहतात, दक्षिण इटलीतल्या शेतकऱ्यांचे, दात पडलेले, उन्हाने रापलेले. कोणाला काय खटकतं ते आधी कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे श्रद्धाळूंच्या आणि नास्तिकांच्या कागदांवर एकच शब्द आला होता: 'रागीट'.

आणि ज्यांना 'लाव्हेंतुरा' आवडला नाही पण ते पुन्हा आले, त्यांच्यासाठी अंतोनिओनीचाच १९६२ चा 'लेक्लिसे' राखून ठेवा. त्यात दोघं प्रेमिक नेहमीच्या कोपऱ्यावर भेटायचं ठरवतात. तिथे कोणीच येत नाही. शेवटची सुमारे सात मिनिटं नुसता तो कोपरा आहे: पाण्याचं पिंप, झेब्रा क्रॉसिंग, बसमधून उतरणारी माणसं, कोणाच्या तरी हातातलं अणुस्पर्धेची बातमी असलेलं वर्तमानपत्र. सिनेमा संपला असं समजून दोन मिनिटांत कोणीतरी उठून दिवे लावतं. तेव्हा त्या दिवशी बटणाजवळच्या खुर्चीत असा माणूस बसवा ज्याने तो आधी पाहिला आहे.